ठरेना

"बोला पाव्हणं, ह्यातला कंचा?" गेनबानं विचारलं, आणि कुंडलिकच्या तोंडून शब्द फुटेना. भोरच्या बैलबाजारात ऊन चांगलं चढलं होतं. समोर दोन बैल बांधलेले. एक पांढरा, चार दाती, दुसरा कोसा, सहा दाती. गेनबाच्या दावणीला एक बैल होता, त्याला जोड हवी होती, आणि जोड लावायची तर हिर्डोशीच्या कुंडलिकनं लावावी, असं त्याचा बाप मरताना सांगून गेला होता म्हणून तो शिवऱ्याहून मुद्दाम आला होता. कुंडलिकनं दोन्ही बैलांचे दात पाहिले. पाठीवरून हात फिरवला, वशिंड दाबून पाहिलं, दोघांना चालवून आणलं, खुराच्या मागं अंगठा रोवून पाहिला. सगळं पाहिलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलंही. पांढऱ्याची चाल मोकळी आहे, पण पुढचा डावा खूर जरा फाकलाय. कोशाचे खूर काळे आणि घट्ट, पण नजर बावरी, चिखलात बुजेल. पांढरा खादाड नाही. कोसा वजनाला भारी. गेनबा एकेका गोष्टीला मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "ते समदं खरं. पर घेऊ कंचा?" कुंडलिकनं तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा फाकलेल्या खुराचं सांगायला लागला. तिसऱ्यांदा खुराचं निघालं तेव्हा बैलवाल्यानं हसू आवरलं नाही. भोवती चार माणसं जमली, चाराची दहा झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "हिर्डोशीकराला आज बैलच पसंत करंनात वाटतं." उन्हं कलली. गेनबानं मग स्वतःच पांढऱ्याचा कासरा हातात घेतला. वाईट एक शब्द बोलला नाही तो. रिवाजाप्रमाणं तंबाखूची पुडी तेवढी कुंडलिकच्या हातात ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "तब्येतीला जपा." त्या दोन शब्दांनी कुंडलिकच्या कानशिलात एकदम गरम वाफ आल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. झालं नाही, हे मात्र त्याला कळलं.

परतीच्या वाटेवर तो एकटाच चालत होता. नीरेच्या काठाकाठानं रस्ता वर वर जात होता आणि त्याचं डोकं त्या दोन बैलांभोवती घाण्यासारखं फिरत होतं. पांढरा, कोसा, खूर, नजर. आता तर बैल विकलाही गेला होता, तरी फिरणं थांबेना. पूर्वी असं नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्यानं सासऱ्याला पहिली बैलजोडी काढून दिली तेव्हापासून त्याला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. बैल दिसला, की शिंगांपर्यंत डोळे पोचायच्या आधीच बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर काहीतरी ओढलं जायचं. पुढं, नाहीतर मागं. पुढं ओढलं गेलं की बैल चांगला. दात बघणं, खूर बघणं हे त्यानंतरचं आणि ते लोकांसाठी. लोकांना वाटायचं, कुंडलिक दात बघून ठरवतो. तो मान हलवायचा, कारण पोटानं ठरवतो म्हटलं असतं तर कोण त्याला बाजारात नेणार होतं? आणि हे काही बैलांपुरतंच नव्हतं. लेकीला, साळूला, दिली ते घर, नाचणी कुठल्या उतारावर टाकायची ती जागा, भाताला पाणी कधी सोडायचं ती वेळ, सगळं त्या ओढीनं ठरलेलं. त्याला वाटायचं, हे सगळ्यांनाच असतं, जसा श्वास सगळ्यांना असतो. श्वासाकडं कोण लक्ष देतं?

ती ओढ कुठं गेली, कधी गेली, हेही त्याला नेमकं सांगता आलं नसतं. माघात तो भाताचं वाफं भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता. पायाखालची फांदी कडाडली, तेवढं आठवतं. खालच्या कातळावर कपाळ आपटलं ते आठवत नाही. आठ दिवस तो या जगात नव्हता. भोरच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा सोजराबाई, त्याची बायको, पायथ्याशी बसली होती आणि तिच्या हातात त्याचंच रक्तानं कडक झालेलं मुंडासं होतं. डॉक्टर शांत माणूस होता. टाके काढताना त्यानं बारा महिने विचारले, ते कुंडलिकनं चैत्रापासून फाल्गुनापर्यंत सांगितले. आज्याचं, पणज्याचं नाव विचारलं, तेही सांगितलं. शंभरापासून उलटं मोजायला लावलं. साठावर आल्यावर डॉक्टरच म्हणाला, पुरे. "माणूस शाबूत आहे, बाई. घेऊन जा." सोजराबाईनं देवाला हात जोडावेत तसे त्याला जोडले. ते दाराशी पोचले तेव्हा डॉक्टर मागून आला आणि जरा अडखळत म्हणाला, "कपाळामागं मार लागला की कधी कधी माणसाच्या वागण्यात फरक पडतो. मेंदूचं सगळं आम्हालाही कळलेलं नाही. कसली घाई करू नका." घाई करू नका म्हणजे भरभर चालू नका, असं त्या दोघांनी धरलं.

पण मग एका सकाळी सोजराबाई गोठ्यातून बाहेर आली, तेव्हा तो उंबऱ्यात दोन विळे घेऊन उभा होता. शेण काढून, धार काढून ती परत आली तरी तो तिथंच. एक विळा जुना, हातात बसलेला. दुसरा नवा, धारदार. "अवो, उन्हं आली. जायाचं न्हाई का?" "जातो की," तो म्हणाला, आणि पुन्हा विळ्यांकडं बघू लागला. तिनं एक विळा त्याच्या हातातून काढून घेतला, तसा तो लगेच चालू लागला. जणू दार उघडलं आणि वासरू सुटलं. त्या दिवसापासून तिनं न बोलता एकेक गोष्ट पुढून काढून घ्यायला सुरुवात केली. दोन भाज्या करायची नाही. दोन सदरे एका वेळी वाळत घालायची नाही. त्याला ते दिसत होतं. त्याला सगळंच दिसत होतं, पूर्वीपेक्षा जास्त. आषाढात त्यांची कपिला गाय कड्यावरून पडून मेली, तेव्हा सोजराबाई आणि चार दिवस माहेरी आलेली साळू, दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि तो शेजारी उभा राहून गाईचं वय मोजत होता, किती वेतं झाली ते मोजत होता. आपण रडायला हवं, हे त्याला समजलं. रडायला कुठून सुरुवात करतात, ते समजेना.

कौलाची गोष्ट अशीच सहज सुरू झाली. गावच्या भैरोबाला कौल लावायचा रिवाज जुना. गुरव चिमाजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. अंगानं धडधाकट असताना कुंडलिक कधी तिकडं फिरकला नव्हता. त्याला कशाला लागत होता कौल? आता तो श्रावणात एकदा गेला, उतारावर वरीऐवजी नाचणी लावू का ते विचारायला, आणि उजवी पाकळी टपकन पडली, तेव्हा त्याला वाटलं, पाठीवरचा भारा कुणी उतरवला. मग तो आठवड्यानं जाऊ लागला, मग एकाआड एक दिवस. कुंपण घालू का. कोयता लोहाराकडं धार लावायला देऊ का. पाव्हण्याकडं जाऊ का. भाराही आता पूर्वीसारखा उतरेना. पाकळी चिकटल्यापासून पडेपर्यंतचा जो वेळ असे त्यात त्याच्या पायांत मुंग्या यायच्या, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा, आणि पाकळी पडते न पडते तोच पुढचा प्रश्न डोक्यात हजर. चिमाजी एकदा वैतागून म्हणाला, "कुंडलिकराव, देवाला किती दमवाल? येवढं तर माणसानं आपलं आपण बघावं." "व्हय," कुंडलिक म्हणाला, "आता आलोय तर लावा येक." गेनबाचा निरोप आला तेव्हाही त्यानं विचारलं होतं, बाजारला जाऊ का. उजवी पडली होती. कुठला बैल, हे विचारायचं राहिलं, आणि बाजारात भैरोबा नव्हता.

पौषात साळू बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. तिचा नवरा भाटघरला धरणावर कामाला, तो पोचवून लगेच परतला. एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या आणि सोजराबाईनं सुईणीला, अंबूबाईला, बोलावणं धाडलं. दिवस कासराभर वर आला तेव्हा अंबूबाई हात धूत बाहेर आली. पन्नास वर्षं तिनं या खोऱ्यात पोरं काढली होती आणि तिला घाम आलेला कुंडलिकनं कधी पाहिला नव्हता. "पायाळू हाय," ती म्हणाली. "पाय खाली, डोस्कं वर. ह्याच्या आदी पाच काढलीत म्या तशी. तीन जगली. भोरला न्यायाची तर आत्ताच गाडी जुंपा, सांजच्या पारी पोचंल. वाटंत काय झालं तर म्या हाय. न्हाई न्यायाची तर हितंच, ह्या हातांनी. तुमी बोला." सोजराबाई दारात आली. शेजारच्या दोघी बाया पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं. हे तोंड वळणं काही नवं नव्हतं. वीस-बावीस वर्षं ही सगळी माणसं, आणि आणखी गावंच्या गावं, अशीच त्याच्याकडं वळून उभी राहिली होती.

तो मोजू लागला. आठ कोस. रस्ता खडीचा, पण जागोजागी खळगे. बैल ताजे आहेत. धक्क्यांनी पोर अडकेल. धक्क्यांनी पोर सुटेलही. इथं अंबूबाईचा हात आहे, तिथं डॉक्टर, चिमटे, औषधं. पाचातली तीन जगली. बाकीच्या दोघांच्या आया जगल्या का? हे विचारायला हवं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं विचारलंही. "येक जगली," अंबूबाई म्हणाली. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. प्रत्येक गोष्ट तळहातावरच्या दाण्यासारखी स्वच्छ दिसत होती आणि सगळे दाणे एकाच वजनाचे होते. आत साळू ओरडली. तो आवाज कानात शिरला, खाली उतरला आणि जिथं काहीतरी हलायला हवं होतं तिथून, रिकाम्या कणगीतून जावा तसा, आरपार निघून गेला. "आलोच," तो म्हणाला आणि देवळाकडं धावत सुटला.

साळू अडलीय, भोरला न्यायची का, एवढं त्यानं धापा टाकत सांगितलं आणि चिमाजीनं लगेच फुलं घेतली. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "बा भैरोबा, लेकरू अडलंया. न्यायाची आसंल तर उजवी दे." गाभाऱ्यात गारवा होता. पाकळ्या हलेनात. थंडीनं ओल सुकेना, म्हणून त्या खांद्याला चिकटून बसल्या होत्या. कुंडलिक डावीकडं बघे, उजवीकडं बघे. कितीतरी वेळ गेला. एकदा उजवीची कड सुटल्यासारखी वाटली, पुन्हा वाटलं की नाही, डावीचीच सुटतेय. पायांतल्या मुंग्या मांड्यांपर्यंत चढल्या. आपण इथं उभे आहोत आणि तिकडं वेळ जातोय, हे त्याला लख्ख कळत होतं. आत्ता मागं वळावं आणि जावं, हेही कळत होतं. पण कळण्यातून वळणं निघेना. कळणं इथं आणि पाय तिथं, मधला पूल कुणी काढून नेला होता. एवढ्यात पाठीमागं पावलं वाजली आणि सोजराबाई आत आली. डोक्यावर पदर नव्हता. ती थेट मूर्तीपाशी गेली. चिमाजी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं बोटानं उजवी पाकळी खरवडून खाली पाडली.

"पडली," ती म्हणाली. "चला."

"सोजरा, आसं न्हाई..."

"देवाकडं लई येळ हाय. पोरीकडं न्हाई."

तो तिच्या मागं चालू लागला. देवळाबाहेर, उन्हात, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिला ते सांगितलं. "माझ्यानं ठरंना झालंय, सोजरा. पडल्यापास्नं. बैलाचं बी न्हाई, कशाचंच न्हाई. आत काय हलतच न्हाई." ती न थांबता म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय? दहा म्हैनं झालं बघतीया." आणि मग थोडं पुढं गेल्यावर, "गाडी जुंपता येती का?" "येती." "मग जुंपा."

गाडी जुंपता येत होती. हातांना सगळं येत होतं. जू ठेवलं, जोती बांधली, कडब्यावर घोंगडी अंथरली, साळूला निजवलं. सोजराबाई आणि अंबूबाई दोन बाजूंना बसल्या आणि गाडी निघाली. खळगा आला की बैलांना आवरायचं, चाक हळू उतरवायचं, चढाला नुसती जीभ वाजवायची. एवढ्यापुरतं त्याचं डोकं फिरायचं थांबलं होतं. कुणीतरी ठरवून दिलेल्या रस्त्यावर चालणं किती सोपं असतं, असं त्याला वाटलं आणि लगेच दुसरं वाटलं, की सोजरानं कशावरून ठरवलं? तिनं मोजलं नाही. अंबूबाईला काही विचारलंसुद्धा नाही. "सोजरा," तो मागं न बघता म्हणाला, "तुला कसं कळलं, न्यायाची म्हणून?" साळू कण्हत होती. "कळलं कुठं?" सोजराबाई म्हणाली. "म्हणलं, जाऊ." "आन चुकलं तर?" "तर चुकंल." शब्द दातांतूनच आले, आणि त्याला कळलं, की ती मघापासून दात घट्ट आवळून बसली आहे.

निगुडघरच्या अलीकडं साळूनं किंकाळी फोडली आणि अंबूबाईनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला करंजाची सावली होती. बैल सोडायलाही वेळ नव्हता. तो बैलांच्या तोंडाशी, दोन्ही वेसणी धरून, गाडीकडं पाठ करून उभा राहिला. मागं काय चाललंय ते त्याला नुसतं ऐकू येत होतं. अंबूबाईचं "आता न्हाई, आता थांब", मग "आता दे, दे बाई, दे", सोजराबाईचं पुटपुटणं, आणि मध्येच सगळं गप्प. डावा बैल शेपटीनं माशी हाकलत होता. मग एक ओली चापट वाजली, दुसरी वाजली, आणि मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला, तो वाढत वाढत रडणं झाला. "पोरगी," अंबूबाई म्हणाली. "जिती हाय." पण तिच्या आवाजात सुटका नव्हती. जरा वेळानं ती पुढं आली, कोपरापर्यंत लाल. "रगत थांबंना. कपडा दाबून धरलाय सोजरानं. धक्कं बसलं तर वाढंल. हितंच निवांत पडू दिली तर थांबंल बी. न्हाई बी. भोर आजून चार कोस."

त्यानं सोजराबाईकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात लेकीच्या अंगाशी गुंतलेले, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ, केस तोंडावर आलेले. तिनं मान हलवली. "आता माझ्यानं न्हाई. सकाळी म्या बोलले. आता तुमी." एवढं म्हणून ती खाली बघू लागली, आणि तिनं पुन्हा वर बघितलं नाही.

रस्त्यावर माणूस नव्हतं. डोंगराच्या अंगाला एक धनगर शेरडं हाकत चालला होता, हाक पोचणार नाही इतका लांब. कुंडलिक मोजू लागला. चार कोस, दिवस अजून तीन हात वर, बैल दमलेले पण चालतील. धक्के. थांबंल बी, न्हाई बी. सगळे दाणे पुन्हा एका वजनाचे. त्यानं पोटात कान लावल्यासारखं आत ऐकलं. काही नाही. आता इथं पाकळी पाडणारंही कुणी नाही. हे असंच राहणार आणि मी असाच उभा राहणार, असं त्याला अगदी शांतपणे दिसलं. एवढ्यात साळूनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. "दादा," ती बापाला म्हणाली, "थांबलो का आपुन?"

"न्हाई," तो म्हणाला. "चाललो."

शब्द बाहेर पडला, मग त्याला ऐकू आला. तो कधी ठरला? कुणी ठरवला? मागं वळून शोधायला गेला तर तिथं कुणीच नव्हतं, नुसता शब्द होता, आणि हात जुवाखाली घालून त्यानं गाडी रस्त्यावर घेतलीही होती. अंबूबाई चढून बसली. पुढचे चार कोस तो गाडीवर बसला नाही, बैलांबरोबर चालला, प्रत्येक खळग्यापाशी चाकाला खांदा देऊन ते हळू उतरवत. आणि प्रत्येक खळग्याला त्याला वाटत होतं, हा. ह्यात जाईल ती. मीच म्हणालो, चाललो. करंजाखाली ठेवली असती तर थांबलं असतं. पहिल्या मैलाला ते नुसतं डोक्यात होतं. दुसऱ्या मैलाला गळ्यात आलं. मग छातीत उतरलं आणि तिथं काहीतरी पिळून निघू लागलं, इतकं, की त्याला श्वास घेताना तोंड उघडावं लागलं. तो मागं वळून विचारत राहिला, "हाय का? अगं, बोलती का ती?" आणि सोजराबाई दर वेळी सांगत राहिली, "हाय. हाय. बघून चाला."

दिवे लागायच्या सुमाराला गाडी भोरात शिरली. दवाखान्यातला डॉक्टर तोच. त्यानं कुंडलिकला ओळखलं की नाही कोण जाणे, त्यानं साळूला आत घेतलं आणि दार लोटलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, टॉवेलला हात पुसत. "थांबलं आता. आठ दिवस ठेवा तिला इथं. मूल चांगलं आहे."

कुंडलिकनं त्याच्या वाटेत येऊन विचारलं, "डाक्तर, तिथंच ठिवली आसती, वाटंवर, तर?"

डॉक्टरनं जरा विचार केला. "तरी थांबलं असतं, बहुधा."

"आन न्हाई थांबलं तर?"

"तर नाही," डॉक्टर म्हणाला आणि दुसऱ्या दाराकडं गेला.

बहुधा. कुंडलिक तो शब्द घेऊन ओसरीवर आला आणि खांबाला टेकून खाली बसला. म्हणजे बरोबर होतं की चूक, हे कुणीच सांगणार नव्हतं. डॉक्टरही नाही, भैरोबाही नाही. तो हे कितीही दिवस मोजत बसला तरी ते मोजून होणार नव्हतं. मांडीवर काहीतरी हलतंय असं वाटून त्यानं खाली पाहिलं, तर त्याचे हात कापत होते. दोन्ही, मनगटापासून, झडीत भिजलेल्या माणसासारखे. त्यानं ते एकमेकांत अडकवले तरी कापायचे थांबले नाहीत. सोजराबाई आतून बाळ घेऊन आली. "धरा जरा, म्या तोंडावर पानी मारून येते," ती म्हणाली आणि तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. पुढं केलेलं बाळ तिनं तसंच मागं घेतलं. एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं त्याला स्वतःला ठाऊकही नव्हतं. मग ती खाली वाकली आणि तिनं ती एवढीशी पोर त्याच्या कापऱ्या हातांत ठेवली.

"पाडायची न्हाई," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली.